अपडेटचे काम नेमके कोणाचे?

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

संगणकाच्या सुरक्षिततेवर लिहिताना ‘अपडेट वेळच्या वेळी करा’ हा सल्ला हमखास दिला जातो. घरच्या एकट्या संगणकापुरता तो पुरेसा आहे. परंतु जिथे पाच-दहा माणसे एकाच प्रिंटरवर आणि सामाईक फोल्डरमधल्या त्याच त्या फाइलींवर काम करतात, आणि वेगळा तांत्रिक विभाग ठेवणे शक्य नसते, अशा लहान कार्यालयात हा सल्ला कोणी पाळायचा, हे ठरलेलेच नसते. ज्याचे त्याने पाहावे असे म्हटले की एक जण सूचना दिसताच अपडेट करतो, दुसरा रीस्टार्ट उद्यावर ढकलत राहतो आणि तिसऱ्याने डेटा वाचवण्यासाठी कधीतरी मीटर्ड कनेक्शनची, म्हणजे इंटरनेट जपून वापरण्याची, सेटिंग चालू केलेली असते, जिच्यामुळे बरेच अपडेट उतरतच नाहीत, हे त्याच्याही ध्यानात नसते. माझे म्हणणे एवढेच की अपडेट आणि सेटिंग हे काम लहान कार्यालयातही एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे आणि त्यासाठी तिच्या इतर कामातून वेळ काढून द्यावा.

यात प्रश्न केवळ व्हायरसचा नाही. एकाने नव्या एक्सेलमध्ये एक्सलुकअप हे माहिती शोधून आणणारे नवे सूत्र वापरून तक्ता केला आणि दुसऱ्याने तो एक्सेल २०१६ किंवा २०१९ मध्ये उघडला, तर आधी काढलेले आकडे जसेच्या तसे दिसतात, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. सूत्र असलेल्या चौकटीला हात लावला की मग आकड्याच्या जागी चूक झाल्याचा संदेश उमटतो. तारखांचे दुखणे याहून फसवे आहे. ज्या संगणकाची प्रादेशिक सेटिंग महिना आधी, दिवस नंतर अशी आहे, त्यावर तारखेत दिवस आधी आणि महिना नंतर लिहिलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) उघडली तर ३ एप्रिलची नोंद ४ मार्चची होते आणि १३ एप्रिलची नोंद तारीख न राहता नुसता मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे एकाच रकान्यातल्या काही तारखा चुकतात, काही तारखाच उरत नाहीत, आणि क्रमवारी लावली की सगळाच घोळ होतो. पुढे याचे खापर नोंद करणाऱ्यावर फुटते, हा अन्याय वेगळाच. सगळ्या संगणकांवर प्रादेशिक सेटिंग एकसारखी ठेवणे हे काही मिनिटांचे काम आहे, पण ते कोणाचे तरी असावे लागते.

सुरक्षिततेच्या बाजूने पाहिले तर दोन घटना एकत्र वाचाव्यात अशा आहेत. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने अनेक देशांतले संगणक बंद पाडले. तो ज्या त्रुटीतून पसरला तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. याउलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळेच सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. ‘आधी एका संगणकावर लावून पाहावे, मग इतरांवर’ हा नियम मला मान्य आहे, पण तो त्या दिवशी कामाला आला नसता, कारण त्या प्रकारचे अपडेट ग्राहकाने ठरवलेल्या टप्प्यांना न जुमानता थेट पोहोचत होते. तेव्हा पुष्कळ ठिकाणी प्रत्येक संगणकापाशी जाऊन, तो सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्याच प्रोग्रॅमसह, सुरू करून सदोष फाइल काढावी लागली, आणि जिथे डिस्क बिटलॉकर या विंडोजमधल्या सोयीने कुलूपबंद होती तिथे त्याआधी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक क्रमांक, शोधावी लागली. आपल्या कार्यालयातील संगणकांच्या या की कुठे लिहून ठेवल्या आहेत, हे किती मालकांना सांगता येईल?

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, त्यामुळे त्यांची आखणी आधीच करता येते: प्रथम एक संगणक, तोही कमी महत्त्वाच्या कामाचा, त्यावर प्रिंटर, हिशेबाचा प्रोग्रॅम आणि सामाईक फोल्डर नीट चालतात हे पाहून काही दिवसांनी बाकीचे. ज्या त्रुटीचा गैरफायदा प्रत्यक्षात घेतला जात आहे, तिच्या दुरुस्तीसाठी मात्र थांबू नये. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीची, म्हणजे अनेक संगणकांच्या सेटिंग एकाच ठिकाणाहून ठरवण्याची, सोय नसल्याने सेटिंग प्रत्येक संगणकावर हातानेच करावी लागते; दहा संगणकांपर्यंत हे जमण्यासारखे आहे.

प्रिंटरचे एक उदाहरण मुद्दाम देतो. छपाई सेवेतील गंभीर त्रुटी उघड झाल्यावर ऑगस्ट २०२१ च्या अपडेटने सामाईक प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) टाकण्यासाठी अ‍ॅडमिनचे, म्हणजे संगणकात हवे ते बदल करू शकणाऱ्या खात्याचे, अधिकार सक्तीचे केले. अशा वेळी रोजची कटकट नको म्हणून सर्वांनाच अ‍ॅडमिन करून टाकण्याचा मोह होतो, आणि तसे केले की ज्यासाठी अपडेट आले त्यावरच पाणी पडते. असा निर्णय घाईत कोणीही घेऊ नये, यासाठीच जबाबदार व्यक्ती हवी.

तिने एक साधी वही किंवा तक्ता ठेवावा: कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे, कोणती सेटिंग कधी व का बदलली, बॅकअप शेवटचा कधी घेतला आणि त्यातून एखादी फाइल परत काढून पाहिली का. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी ते संगणक पूर्वीसारखेच सुरू होतात. नोंद नसेल तर असे संगणक कोणते, हे लक्षातच येत नाही. ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’ हे मालकांचे आवडते वाक्य इथेच नडते.

या व्यक्तीला बदली माणूसही नेमून द्यावा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि रिकव्हरी की एकाच्याच खासगी मोबाइलमध्ये न ठेवता बंद पाकिटात किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड कुलूपबंद साठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दोघांच्या ताब्यात असाव्यात, आणि कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी पासवर्ड बदलून वहीत तशी नोंद करावी.

आपला,
एक वाचक