मुलांच्या जेवणाबाबत एका उपाहारगृह कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मुलांच्या जेवणासोबतचे कोल्ड्रिंक बदलून न मिळणे आणि त्या जेवणाची एकूण रचना यांबाबत तक्रार.

महोदय/महोदया,

गेल्या रविवारी रात्री मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आपल्या उपाहारगृहात जेवायला आलो होतो. आपल्या मेन्यूकार्डावर मुलांसाठी वेगळे पान आहे आणि त्यावर चार प्रकारची जेवणे आहेत. त्यांपैकी तिन्हींत मुख्य पदार्थ तळलेला आहे, चौथ्यात चीजचा पिझ्झा आहे आणि चारहींच्या सोबतीला फ्राइज व एक पेला कोल्ड्रिंक ठरलेले आहे. मी कोल्ड्रिंकऐवजी साधे दूध मागितले. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने अदबीने सांगितले की दूध फक्त कॉफीसाठी ठेवलेले असते, ते वेगळे विकता येत नाही. मग पाणी द्या, असे म्हटल्यावर पाण्याची बाटली स्वतंत्र घ्यावी लागेल, आणि कोल्ड्रिंक नको असले तरी ते बिलातून वगळता येणार नाही, कारण संगणकात तशी सोयच नाही, असे उत्तर मिळाले. मोठ्यांच्या सॅलडमधल्या काकडी-गाजराच्या चार फोडी फ्राइजच्या जागी मागितल्या, तेव्हाही तेच. अखेर नको असलेल्या कोल्ड्रिंकचे पैसे मी दिले, वर पाण्याची बाटली घेतली, आणि काठोकाठ भरलेला पेला पुढ्यात असताना तो का प्यायचा नाही हे मुलीला समजावत जेवण उरकले. त्या कर्मचाऱ्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही; त्याच्या हाती जेवढे होते तेवढे त्याने केले. माझी तक्रार त्या संगणकात काय असावे आणि काय नसावे हे ज्यांनी ठरवले, त्यांच्याकडे आहे.

एका पेल्याचे एवढे काय, असे आपणांस वाटू शकेल, म्हणून हिशेब मांडतो. साध्या कोलात दर 100 मिलिलिटरमागे साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे 250 मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे 26 ग्रॅम, चहाच्या चमच्याने मोजल्यास सहा चमच्यांहून थोडी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर यांतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, आणि 5 टक्क्यांच्या खाली राहिली तर अधिक चांगले. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 1400 किलोकॅलरी लागतात असे धरले, तर पहिली मर्यादा 35 ग्रॅमची आणि दुसरी साडेसतरा ग्रॅमची होते. म्हणजे जेवणाला हात लावण्याआधीच आपला पेला दुसरी मर्यादा ओलांडतो आणि पहिलीचा तीन चतुर्थांश भाग संपवतो. (कोल्ड्रिंकच्या जागी डब्यातला फळांचा रस ठेवून हा प्रश्न सुटत नाही, हे येथेच नमूद करतो, त्यातली साखरही याच हिशेबात धरली जाते.) मिठाचा असाच हिशेब मला मांडता आला नाही, कारण आपल्या पदार्थांत मीठ किती आहे हे मेन्यूकार्डावर वा पाकिटावर कुठेही छापलेले नाही. प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगितलेले आहे आणि मुलांसाठी त्याहून कमी, एवढे मात्र आपल्या स्वयंपाकघरात ठाऊक असायला हवे.

मला सर्वांत खटकली ती याहून साधी गोष्ट. मोठ्यांच्या पानावर सूप आहे, भाजलेले पदार्थ आहेत, वाफवलेल्या भाज्या आहेत, सॅलड आहे. हे सारे आपल्याच स्वयंपाकघरात रोज शिजते, पण मुलांच्या पानावर त्यातले काहीच नाही. मुले भाज्या खात नाहीत, असे यावर नेहमी सांगितले जाते. अनोळखी चव मुलाच्या अंगवळणी पडायला तो पदार्थ बरेचदा आठ-दहा वेळा चाखावा लागतो, कधी त्याहूनही अधिक वेळा. जो पदार्थ पानावरच नाही, तो चाखण्याची वेळ येणार कधी? बरे, मुलांसाठी नवे काही शिजवण्याचीही गरज नाही. मोठ्यांच्या त्याच पदार्थांची अर्धी वाढणी त्या प्रमाणातल्या दरात दिली, तरी पुष्कळ काम होईल.

याच विषयावर मी पूर्वी आपल्या मदत क्रमांकावर बोललो होतो, तेव्हा ‘ग्राहकांना जे आवडते तेच आम्ही देतो’ असे मला सांगण्यात आले. ग्राहकाला काय आवडते हे कळण्यासाठी त्याला आधी विचारावे लागते. आपल्याकडे कोल्ड्रिंक न विचारता येते आणि दूध विचारूनही मिळत नाही. न सांगता जे ताटात येते तेच बहुतेक लोक स्वीकारतात, असा अनुभव आहे. अमेरिकेतील डिस्नेच्या मनोरंजन उद्यानांनी 2006 मध्ये मुलांच्या जेवणासोबत फ्राइज व कोल्ड्रिंकऐवजी फळे-भाज्या आणि दूध, पाणी किंवा रस आपोआप देण्याचे जाहीर केले, बदलून घेण्याची मुभा ठेवून. तेथील मोठ्या उद्यानाच्या विक्रीचा जो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जवळजवळ निम्म्या जेवणांमध्ये फळे-भाज्या आणि सुमारे दोन तृतीयांश जेवणांमध्ये ते पेय तसेच ठेवले गेले होते. कॅलिफोर्नियात तर 2019च्या आरंभापासून कायदाच आहे की मुलांच्या जेवणासोबत आपोआप येणारे पेय पाणी किंवा साधे, गोड न केलेले दूध असावे. दुसरे काही हवे असल्यास ग्राहकाने मागून घ्यावे. कोल्ड्रिंकवर बंदी घाला असे मीही म्हणत नाही.

खेळण्याबद्दलही लिहिणे भाग आहे. आपले खेळणे फक्त या चार जेवणांसोबतच मिळते, त्यामुळे पाच-सहा वर्षांचे मूल जेवण निवडत नाही, खेळणे निवडते, आणि हे आपणांस माझ्यापेक्षा चांगले माहीत असणार. चिलीमध्ये साखर, मीठ, चरबी वा उष्मांक जास्त असल्याची सूचना लावावी लागते अशा पदार्थांसोबत खेळणी देण्यास 2016 पासून मनाई आहे. ट्रेवरच्या कागदावर छापलेल्या भुलभुलैयाची वाटही फ्राइजच्या पुड्यापाशी संपते. माझ्या मुलीने ती दोनदा पूर्ण केली.

तरी माझी मागणी अशी की, मुलांच्या प्रत्येक जेवणासोबत पाणी किंवा साधे दूध हेच ठरलेले पेय असावे, फ्राइजच्या जागी फळ वा भाजी जादा आकार न घेता मिळावी, खेळणे कोणत्याही जेवणासोबत घेता यावे आणि पदार्थांतील साखर व मीठ यांचे प्रमाण मेन्यूकार्डावर छापले जावे. यांपैकी पहिली गोष्ट करायला बिलाच्या संगणकातली एक नोंद बदलावी लागेल, तेव्हा निदान तिला ‘विचाराधीन आहे’ असे उत्तर देऊ नये. न घेतलेल्या कोल्ड्रिंकची रक्कम मला परत मिळावी, आणि या पत्राचे उत्तर पंधरा दिवसांत लेखी मिळावे, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक

सोबत: त्या दिवसाच्या बिलाची छायाप्रत.