तंत्रज्ञान प्रमुखाने खिडकीमागे बसलेले असावे

महोदय,

शहराच्या प्रशासनात तंत्रज्ञान प्रमुख नेमला जातो तेव्हा चर्चा होते ती पदव्यांची, आधीच्या कंपनीची आणि वेतनाची. ती व्यक्ती त्या खुर्चीपर्यंत कोणत्या वाटेने आली, हे फारसे कोणी विचारत नाही. एका नगर प्रशासनाच्या संगणक विभागात उभी नोकरी काढलेल्या माझ्यासारख्याला मात्र हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आमच्याकडे जन्मनोंदणीची नवी प्रणाली आली, तेव्हा बाळाचे नाव भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नसे. प्रत्यक्षात नोंदणीच्या वेळी नाव अनेकदा ठरलेलेच नसते. खिडकीवरच्या बाईंनी यावर स्वतःच तोड काढली. नावाच्या रकान्यात त्या एक टिंब देत आणि कोणकोणत्या नोंदींना टिंब दिले, त्यांचे क्रमांक एका वहीत लिहून ठेवत. वर्षभरात ती वही भरली. अहवालात प्रणाली यशस्वी होती, आणि आमच्या तेव्हाच्या प्रमुखांना त्या वहीचा पत्ताही नव्हता. पुढे मदतकक्षापासून चढत आलेले अधिकारी त्या जागी आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात वही मागवून घेतली आणि नाव नंतर भरण्याची सोय करून दिली. त्यासाठी ना निविदा काढावी लागली, ना नवे यंत्र घ्यावे लागले.

बाहेरून आलेला माणूस नकोच, असे माझे म्हणणे नाही. शिकागोचे ब्रेट गोल्डस्टीन उपाहारगृहांच्या ऑनलाइन आरक्षणाच्या कंपनीतून आले, पण शहराचे विदा (डेटा) प्रमुख होण्याआधी त्यांनी त्याच शहराच्या पोलीस दलात काम केले होते. विवेक कुंद्रा आर्लिंग्टन काउंटीच्या स्थानिक प्रशासनात होते, पुढे व्हर्जिनिया राज्याच्या सेवेत गेले, २००७ मध्ये वॉशिंग्टन शहराचे तंत्रज्ञान प्रमुख झाले आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारचे पहिले मुख्य माहिती अधिकारी. या दोघांनीही सरकारी काम खालून पाहिले होते, ही गोष्ट मला त्यांच्या पदांपेक्षा मोठी वाटते.

खालून येण्याचा आणखी एक लाभ असतो. आपल्या कार्यालयाला काय झेपेल आणि पुरवठादाराचे कोणते आश्वासन पोकळ आहे, हे अशा माणसाला कळते. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने हिशेब आणि मनुष्यबळासाठी ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीची प्रणाली घेतली, पण स्वतःच्या जुन्या पद्धती न बदलता प्रणालीतच फेरफार करून घेतले. एप्रिल २०२२ मध्ये ती सुरू झाल्यावर बँकखात्यांचा ताळमेळही धड लागेना, आणि आरंभी सुमारे १.९ कोटी पौंडांचा असलेला खर्चाचा अंदाज पुढे १० कोटींच्या पलीकडे गेला. प्रणाली समजणारी पुरेशी माणसे परिषदेच्या स्वतःच्या सेवेत नव्हती, हे मला त्यातले सर्वांत दुःखद वाटते.

अशी माणसे आयत्या वेळी मिळत नाहीत. ती सेवेतच घडवावी लागतात. मदतकक्षातल्या तरुणाला पुढे संगणकांचे जाळे (नेटवर्क) आणि त्याची सुरक्षा, मग एखाद्या विभागाचा प्रकल्प, त्यानंतर खरेदी, करार व लेखापरीक्षण आणि शेवटी उपप्रमुखपद अशी चढण दिसली पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी दुसऱ्या पायरीनंतर जिनाच संपतो आणि हुशार मुले खासगी नोकरी धरतात. करारांचे शिक्षण तर कोणी देतच नाही, वास्तविक प्रमुखाचा निम्मा दिवस त्यातच जातो.

म्हणून नगर प्रशासनांना माझी विनंती आहे की, या पदाच्या जाहिरातीत अनुभवाच्या अटींमध्ये नागरिकांच्या खिडकीवर किंवा मदतकक्षात किमान सहा महिने केलेल्या कामाची अट घालावी, आणि बाहेरून निवडलेल्या उमेदवाराला पदभार देण्यापूर्वी ते सहा महिने तिथे बसवावे.

आपला विश्वासू,
संगणक विभागातील एक निवृत्त कर्मचारी