फुगलेली बॅटरी दाबून बसवायला सांगणाऱ्या कंपनीस

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतल्या लॅपटॉपची फुगलेली बॅटरी 'ग्राहकाकडून झालेली मोडतोड' म्हणून नाकारल्याबाबत, आणि हेल्पलाइनवरून दिलेल्या धोकादायक सल्ल्याबाबत

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरच्या प्रतिनिधीने आत्ताच मला सांगितलं, की वर आलेला टचपॅड हलक्या हाताने दाबून खाली बसवा आणि लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा, म्हणजे बॅटरी 'सेट' होईल. मुख्यतः या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. बाकीच्या तक्रारी त्यामागून येतील.

टचपॅडखाली काय असतं हे तुम्हाला सांगायला नको, ती रचना तुमचीच आहे. ११.४ व्होल्टचा पॅक, एकापुढे एक जोडलेले तीन पाऊच सेल, आणि वर फक्त पातळ फॉइलची पिशवी. आज टचपॅडची डावी कड दोन मिलिमीटर वर आली आहे, डावं क्लिक लागत नाही. खालचं झाकण मधल्या स्क्रूपाशी इतकं फुगलं आहे की टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगतो. पिशवीत इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं रासायनिक द्रावण) विघटन पावून वायू साठला आहे. तो दाबून कुठेही जात नाही. दाबल्याने आतला केसापेक्षा पातळ सेपरेटर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला पडदा, फाटला तर दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात, सेल आतल्या आत शॉर्ट होतो आणि पेट घेतो. एकाने पेट घेतला की शेजारचे दोन तापायला वेळ लागत नाही. हा सल्ला ऐकून कोणी लॅपटॉप गादीवर ठेवून चार्जिंगला लावला आणि झोपला तर काय होईल, याचा विचार तुमच्याकडे कोणी केला आहे का?

तो संवाद जसा झाला तसाच देतो. कॉल तुमच्याकडे रेकॉर्ड होतो, पडताळून पाहा.

मी म्हणालो, "बॅटरी फुगली आहे, टचपॅड वर आलाय." उत्तर आलं, "सर, बॅटरी काढून परत लावून बघा." मी सांगितलं की या मॉडेलची बॅटरी आत आहे, खालचं झाकण उघडल्याशिवाय ती निघत नाही, आणि झाकण उघडलं तर तुम्हीच वॉरंटी रद्द म्हणाल. त्यावर, "सर, तुम्ही लोकल चार्जर वापरता का?" चार्जर बॉक्समधलाच आहे : १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, ६५ वॉट. मधल्या पिनवरून लॅपटॉप तो ओळखतो आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगच्या) पानावर ६५ वॉटचा ॲडॉप्टर म्हणून दाखवतोही. हे सगळं सांगून झाल्यावर पुन्हा तोच प्रश्न : "पण सर, लोकल चार्जर तर नाही ना?" मग, "तुमच्या एरियात लाइट सारखी जाते, त्यामुळे फुगली असेल." आणि शेवटी ते दाबून बसवायचं वाक्य. मी विचारलं, "हे तुम्ही वाचून सांगताय की तुमचं मत आहे?" तर, "सर, आमच्या सिस्टीमवर असंच दिलंय." म्हणजे चूक फोनवरच्या मुलाची नाही. ते वाक्य कोणीतरी लिहिलं, कोणीतरी मंजूर केलं. तो माणूस तुमच्या विभागात बसतो.

लाइट जाण्याचं म्हणाल तर ॲडॉप्टरवर तुम्हीच १०० ते २४० व्होल्ट छापलं आहे. मराठवाड्यात भारनियमन आहे, संध्याकाळी व्होल्टेज पडतं, कधी डीपीवर न्यूट्रल तुटून घरात चारशेच्या आसपास व्होल्ट येतात, हे सगळं खरं. पण त्यात आधी ॲडॉप्टरचा इनपुट फ्यूज आणि जादा व्होल्टेज अंगावर घेणारा व्हॅरिस्टर जातो, ॲडॉप्टर मरतो. हा ॲडॉप्टर मल्टिमीटरवर आजही १९.५ दाखवतो आणि लोडवरही पडत नाही. लाइट गेल्याने पाऊच सेल फुगत नसतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे सांगता येईल.

आता सर्व्हिस सेंटरने मशीन तपासून दिलेला कागद, म्हणजे जॉबशीट, प्रत सोबत जोडली आहे. वरच्या रकान्यात तुमच्याच स्टार्टअप डायग्नोस्टिकचा निकाल आहे : बॅटरी फेल. खालच्या रकान्यात 'फिजिकल डॅमेज, कस्टमर इंड्यूस्ड', आणि त्याखाली मदरबोर्ड बदलण्याचं अंदाजपत्रक. कशाच्या आधारावर? लक्षणं दोनच होती. ३८ टक्के दिसत असताना ॲडॉप्टर काढला की लॅपटॉप फटकन बंद पडतो, आणि ॲडॉप्टर लावला की 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' येतं. पहिल्याचं कारण हे की तीनपैकी एक सेल थकला आहे. लोड आला की त्याचं व्होल्टेज कोसळतं आणि पॅकमधलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. ३८ हा आकडा गेजचा, म्हणजे पॅकमधल्या चार्ज मोजणाऱ्या चिपचा, अंदाज असतो, त्यावर सेल चालत नाही. दुसऱ्याचं कारण हे की त्याच सर्किटने चार्ज घ्यायला नकार दिला आहे. तुमच्या सर्किटला धोका कळला, तुमच्या हेल्पलाइनला कळला नाही.

मदरबोर्डवर बोट ठेवण्याआधी काय करायचं असतं, हे तुमच्या तंत्रज्ञांना लिहून द्या. ॲडॉप्टरचं आउटपुट मोजा. डीसी जॅकची वायर हलवून मधल्या पिनचा संपर्क तुटतो का बघा. बॅटरीचा कनेक्टर बोर्डापासून सोडवा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि निव्वळ ॲडॉप्टरवर मशीन तासभर चालवा. चाललं तर पुरवठ्याची बाजू ठीक आहे. मग तपासलेली, चांगली बॅटरी लावून चार्ज घेते का ते बघा. घेतली तर बोर्डाला हात लावायचं कारण उरत नाही. यातलं मोजमापाचं एकही पाऊल जॉबशीटवर नोंदलेलं नाही. आणि फुगवट्याला 'मोडतोड' म्हणणं हे तर धडधडीत खोटं आहे. लॅपटॉप पडलेला नाही, कोपरे शाबूत आहेत, पाणी लागलं की रंग बदलणारे आतले स्टिकर पांढरेच आहेत.

विंडोजचा बॅटरी रिपोर्टही जोडला आहे. मूळ क्षमता ४२,००० मिलिवॉट-तास, आजची पूर्ण चार्ज क्षमता २५,९००, म्हणजे जेमतेम ६२ टक्के. सायकल, म्हणजे पूर्ण चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या, ७४. लॅपटॉपच्या बॅटरीत साधारण ३०० ते ५०० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता उरावी, असं हा उद्योगच धरून चालतो. मग ७४ सायकलींत ती का गेली? तुमचा प्रतिनिधी म्हणतो, "सारखी चार्जिंगला लावून ठेवली म्हणून." बरोबर आहे, आणि इथेच तुमची जबाबदारी सुरू होते.

पॅकवर ११.४ व्होल्ट आहे, म्हणजे पूर्ण चार्जला प्रत्येक सेल ४.३५ व्होल्टवर ताणलेला असतो. त्यात परभणीचा मे महिना, खोलीतच ४० अंश. लिथियम-आयन सेल ४० अंशांत वर्षभर पूर्ण चार्ज ठेवला तर त्याची क्षमता सुमारे ६५ टक्क्यांवर येते. तोच सेल ४० टक्के चार्जवर ठेवला तर सुमारे ८५ टक्के टिकते. बॅटरीवाल्यांना हे आकडे पाठ असतात, तुम्हालाही असणार. म्हणूनच तुमच्या बायोसमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. पण कारखान्यातून मशीन निघतं तेव्हा ती बंद असते, बॉक्समधल्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख नाही, आणि हेल्पलाइनवरच्या मुलाला ती असल्याचंही माहीत नाही. इथे लाइटचा भरवसा नसल्यामुळे लोक लॅपटॉप मुद्दाम प्लगला लावून ठेवतात. लाइट गेली तर ऑनलाइन फॉर्म अर्धा राहू नये, इतकंच त्यांना हवं असतं. पॅकमध्ये थर्मिस्टर आहे, त्याला तापमान कळतं. ४० अंशांत चार्ज आपोआप खाली आणणं तुमच्या फर्मवेअरच्या (मशीनमध्येच भरलेल्या प्रोग्रामच्या) हातात होतं. ते तुम्ही केलं नाही, आणि आता दोष ग्राहकाचा. लॅपटॉप मराठवाड्यात विकायला चालतो, वॉरंटी मात्र इथल्या उन्हाळ्यात चालत नाही, असं असेल तर बॉक्सवर छापा.

आणखी एक. नकार दिल्यावर प्रतिनिधी म्हणाला, "हवं तर कुरिअरने पाठवा, पुन्हा तपासू." फुगलेली, सदोष लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला मनाई आहे, आणि कुरिअर कुठल्या मार्गाने जाईल हे ग्राहकाच्या हातात नसतं. एसटीच्या पार्सलमध्ये ती टाकायची का? चाळीस प्रवाशांच्या पायाखाली?

माझ्या मागण्या या. बॅटरी वॉरंटीत, विनामूल्य, मूळ पार्टने बदलून द्या, आणि नवी बसवताना टचपॅड व पाम-रेस्ट (कीबोर्डपुढचा तळहात टेकायचा भाग) वाकले आहेत का तपासा, वाकले असतील तर तेही बदला. जॉबशीटवरचं 'कस्टमर इंड्यूस्ड' खोडून लेखी दुरुस्ती द्या. जुना पॅक तुम्ही स्वतः घेऊन जा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार टाकाऊ बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर आहे, घंटागाडीवर नाही. आणि हेल्पलाइनच्या सिस्टीमवरचं ते दाबून बसवायचं वाक्य आजच काढा. त्या जागी लिहा : मशीन बंद करा, ॲडॉप्टर काढा, पुन्हा चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका, कापडापासून लांब फरशीवर ठेवा, आमचा माणूस येतो.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून थेट परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. दाव्यात सेवेतली त्रुटी असेलच, शिवाय त्याच कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं प्रकरणही असेल आणि पुरावा म्हणून तुमचा तो कॉल मागवला जाईल. घरात दुसरा लॅपटॉपही तुमचाच आहे. इंजिनिअरिंगच्या मुलीला घेताना तुमचंच नाव आधी आलं होतं. यापुढे कोणी विचारलं तर ही जॉबशीट दाखवीन.

मशीन बंद करून, ॲडॉप्टर काढून पोर्चमधल्या फरशीवर ठेवलं आहे. न्यायला येणाऱ्याला फुगलेला पॅक हाताळता येत असला पाहिजे, आणि त्याच्याजवळ अग्निरोधक पिशवी असली पाहिजे. नुसता डिलिव्हरीवाला पाठवलात तर मी मशीन त्याच्या हातात देणार नाही.

तुमचा ग्राहक,
परभणी

सोबत : खरेदीचं बिल, जॉबशीट, बॅटरी रिपोर्ट, टचपॅड व खालच्या झाकणाचे फोटो