चार ओहमचे स्पीकर चालतील असे लेखी सांगून आता वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
होम ऑडिओ विक्री व सेवा विभाग

विषय : एव्ही रिसीव्हरची चुकीची शिफारस, सदोष मांडणी आणि नाकारलेली वॉरंटी याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी सात चॅनलचा एव्ही रिसीव्हर (टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन तो सात स्पीकरांना वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर), छतात बसवायचे दोन स्पीकर, एक सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) आणि ‘तज्ज्ञांकडून मांडणी व कॅलिब्रेशन’ (खोलीत मोजून आवाज जुळवणे) ही वेगळे पैसे भरून मिळणारी सेवा घेतली. पुढचे डावे-उजवे, मधला आणि बाजूचे दोन असे पाच स्पीकर माझ्याकडे आधीपासून होते. आता आपल्या सेवा केंद्राने लेखी कळवले आहे की रिसीव्हर मध्येच बंद पडतो त्याला माझे स्पीकर कारणीभूत आहेत आणि हा ‘अयोग्य वापर’ असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर जे जे सांगितले त्यातले काहीच आपल्याकडे नोंदलेले दिसत नाही.

रिसीव्हर मुळातच खराब आहे असे माझे म्हणणे नाही. हळू आवाजात गाणी लावली तर तो छान वाजतो, रिमोट सुटसुटीत आहे, मेनूही समजतो. तो कोणत्या स्पीकरना जोडायला म्हणून मला विकला गेला आणि कसा बसवून दिला, याबद्दल माझी तक्रार आहे.

खरेदीच्या आधी मी आपल्या सल्ला विभागाला ईमेल केला होता. त्याची प्रत सोबत आहे. त्यात स्वच्छ लिहिले होते की पुढचे दोन स्पीकर ४ ओहमचे आहेत, दिवाणखाना ११ बाय १५ फूट आहे, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे, टीव्हीला एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे पाठवण्याची सोय) आहे पण ई-एआरसी (तिची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) नाही. तर अशा घरात कोणता रिसीव्हर घ्यावा? उत्तर आले ते असे : “सर, हे मॉडेल तुमच्या सेटअपसाठी बेस्ट आहे. फुल्ली कॉम्पॅटिबल.” नंतर फोन आला, त्यात टीव्ही किती इंची आणि बजेट किती एवढेच विचारले. छतात दोन स्पीकर घ्या हा सल्ला मात्र योग्य होता, तेवढे श्रेय देतो. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर पाठीमागे दोन स्पीकर लावायला जागाच उरत नाही, तेव्हा सात चॅनलमधले दोन वरच्या आवाजाला देणेच बरे.

खोके उघडल्यावर मॅन्युअल वाचले. त्यात स्पीकरचा इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) ६ ते १६ ओहम असावा असे छापले आहे. रिसीव्हरच्या मागच्या बाजूला, जिथे तारा जोडायच्या त्या टर्मिनलांच्या वरही बारीक अक्षरात तेच आहे. ज्याने मला ‘फुल्ली कॉम्पॅटिबल’ लिहून पाठवले त्याने हे पान उघडायला हवे होते. ओहम जितके कमी, तितका स्पीकर जास्त करंट ओढतो. त्याच व्होल्टेजला ८ ओहमचा स्पीकर जेवढा करंट घेतो त्याच्या दुप्पट ४ ओहमचा घेतो. शिवाय ४ हा नाममात्र आकडा. काही फ्रिक्वेन्सींना तो त्याहूनही खाली जातो. ४ ओहम निवांत पेलणारे रिसीव्हर बाजारात आहेत, थोडे महाग आहेत. तसे सांगितले असते तर मी तोच घेतला असता, आणि हे मी त्याच ईमेलमध्ये लिहिले होते.

सध्या घरी काय होते ते सांगतो. सिनेमात मारामारी किंवा ढगांचा गडगडाट सुरू झाला, आवाज फार नव्हे, शेजारी तक्रार करणार नाहीत इतपतच ठेवला, तरी आतून ‘टक्’ असा रिलेचा (आतल्या आपोआप तुटणाऱ्या स्विचचा) आवाज येतो, समोरचा दिवा लाल होऊन उघडझाप करू लागतो आणि सगळे चिडीचूप. वरची जाळी हात ठेववत नाही इतकी तापलेली असते. थंड होईपर्यंत तो पुन्हा चालू होत नाही. हे संरक्षक सर्किटचे काम आहे आणि ते चोख आहे. ते नसते तर आउटपुट ट्रान्झिस्टर केव्हाच गेले असते.

जाता जाता वॉटच्या जाहिरातीबद्दल. आपल्या पानावर या रिसीव्हरसमोर ठळक अक्षरात ‘११५५ वॉट’ लिहिले आहे. मॅन्युअलमध्ये खरा हिशोब मिळाला : १६५ वॉट गुणिले ७. आणि हे १६५ वॉट कधी मिळतात? ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झला, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) धरून, आणि एका वेळी एकच चॅनल वाजत असेल तर. म्हणजे सातही चॅनल एकदम वाजले की जो आकडा उरतच नाही, त्यालाच सातने गुणले आहे. त्याच मॅन्युअलमध्ये दोन ओळी खाली ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन या अटींवर ८० वॉट दिले आहेत. प्रामाणिक आकडा तो आहे आणि माझ्या खोलीला तो पुरून उरतो. अमेरिकेत अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट कसे मोजून जाहीर करायचे याचा नियम १९७४ पासून आहे आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक झाला. हा आपल्या पानावरचा आकडा बघितला की ‘बडा घर पोकळ वासा’ हीच म्हण आठवते.

आता मांडणीबद्दल. आपला तंत्रज्ञ आला तो तरुण मुलगा होता, वागायला अदबशीर. त्या दिवशी त्याला आणखी घरे करायची होती, त्यात एक एसीही होता, असे त्यानेच सांगितले. रिसीव्हर त्याने टीव्हीखालच्या काचेच्या दाराच्या कप्प्यात सरकवला. वर जेमतेम दोन बोटे जागा उरली. मी म्हटले, वारा कुठून जाणार? तर म्हणाला, “दार थोडं उघडं ठेवा काका.”

मग कॅलिब्रेशन. याचे आपण वेगळे पैसे घेतले आहेत, म्हणून ते कसे झाले ते नीट सांगतो. खोक्यात एक छोटा मायक्रोफोन येतो आणि तो कानाच्या उंचीवर उभा राहावा म्हणून पुठ्ठ्याचे घडीचे स्टँड येते. ते स्टँड प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आले नाही. मायक्रोफोन त्याने सोफ्याच्या डाव्या हातावर ठेवला. छताचा पंखा पूर्ण वेगात चालू, आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मॅन्युअल म्हणते की खोली शांत असावी, पहिली जागा मुख्य बैठकीची असावी आणि मग आजूबाजूच्या जागांवर मायक्रोफोन हलवत एकूण आठ ठिकाणी मोजता येते. इथे एकाच ठिकाणी, तेही कोणी बसतच नाही अशा जागी, मोजून ‘ओके सर, झालं’.

त्याचा परिणाम मेनूमध्ये आकड्यांनी दिसतो. उजव्या बाजूचा स्पीकर माझ्या जागेपासून टेपने मोजला तर १.९ मीटरवर आहे, रिसीव्हरमध्ये २.९ मीटर नोंदला होता. सगळ्या स्पीकरांचा आवाज कानी एकाच वेळी पोचावा म्हणून रिसीव्हर या अंतरांवरून वेळ जुळवतो, आणि ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एक मीटरची चूक म्हणजे जवळजवळ तीन मिलिसेकंदांची चूक. वर लांबच्या मायक्रोफोनला हा स्पीकर हळू ऐकू येतो, म्हणून मशीन त्याचा आवाज चढवते. त्यामुळे उजवीकडचा स्पीकर सतत कानाशी ओरडायचा आणि मधल्या स्पीकरमधले संवाद त्यात बुडून जायचे. माझ्या आईला संवाद ऐकू यावेत हाच या सगळ्या खटाटोपाचा मूळ हेतू होता, ती आठवडाभरात म्हणाली, “जुना टीव्हीच बरा होता.”

त्याहून मोठा घोळ छतातल्या स्पीकरांचा. या रिसीव्हरमध्ये ‘सराउंड बॅक’ (पाठीमागचे स्पीकर) आणि ‘हाइट’ (वरचे स्पीकर) यांची टर्मिनले एकच आहेत. तिथे जे जोडले ते नेमके काय आहे हे मेनूमध्ये अ‍ॅम्प असाइन या ठिकाणी सांगावे लागते. कारखान्यातून ते ‘सराउंड बॅक’वर येते आणि आपल्या माणसाने ते तसेच ठेवले. म्हणजे छत फोडून, पीओपी भरून, रंग लावून बसवलेले स्पीकर वरचा आवाज न वाजवता पाठीमागचा आवाज छतातून वाजवत होते. डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी (डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या ध्वनिपद्धतीसाठी) म्हणून आपण विकलेली वस्तू अ‍ॅटमॉससाठी वापरलीच गेली नव्हती.

पुढचे स्पीकर मेनूमध्ये ‘लार्ज’ (खर्जासकट सगळा आवाज वाजवणारे) म्हणून नोंदवले होते, हेही इथेच सांगतो, कारण वॉरंटीच्या वादाशी त्याचा थेट संबंध आहे. पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे ते स्पीकर. त्यांना ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबवूफरकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवला की जड खर्ज सबवूफरकडे जातो, आणि सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. ‘लार्ज’ ठेवल्यामुळे तो सगळा खर्ज ४ ओहमच्या स्पीकरवर आणि पर्यायाने रिसीव्हरवर पडत होता, आणि रिसीव्हर कोंडलेल्या कप्प्यात. तापणार नाही तर काय?

ब्लू-रे प्लेअर थेट टीव्हीला जोडला गेला, तिथून एआरसीने आवाज रिसीव्हरकडे. जुन्या एआरसीमधून डॉल्बी ट्रूएचडी (ब्लू-रेवरचा पूर्ण दर्जाचा आवाज) जातच नाही. प्लेअर रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला आणि रिसीव्हर टीव्हीला जोडला की काम झाले, ई-एआरसीची गरजही नाही. आपल्या हेल्पलाइनने मात्र सुचवले की टीव्ही बदला! शिवाय टीव्हीचे ध्वनी आउटपुट ‘पीसीएम’वर (एआरसीतून दोनच चॅनल जाणाऱ्या प्रकारावर) होते, त्यामुळे ओटीटी अ‍ॅपचा आवाजही दोनच चॅनलमध्ये येत होता.

यातले जे मेनूतून आणि केबल बदलून सुधारता येण्यासारखे होते ते मॅन्युअल वाचून मीच सुधारले. पंखा बंद केला, स्टँड उभारले, आठही जागा मोजल्या, अ‍ॅम्प असाइन बदलले, स्पीकर ‘स्मॉल’ केले, रिसीव्हर उघड्या फळीवर आणला. संवाद आता स्वच्छ ऐकू येतात आणि पडद्यावर पाऊस पडला की तो खरोखर डोक्यावरून येतो. बंद पडणे कमी झाले आहे, थांबलेले नाही. यावरून दोन गोष्टी दिसतात. मांडणीचे काम झालेलेच नव्हते, आणि मांडणी नीट केल्यावरही हा रिसीव्हर ४ ओहमचा भार पेलत नाही. पहिली सेवेतील त्रुटी आहे. दुसरी आपल्या लेखी शिफारशीची चूक आहे. ‘अयोग्य वापर’ यात कुठे बसतो?

हेल्पलाइनबद्दल थोडक्यात. दर वेळी नवा माणूस, दर वेळी “रीस्टार्ट केलं का सर?”. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. कोणी न येताच ‘तुमच्या समस्येचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला आणि तक्रार बंद. पुन्हा उघडली तर पुन्हा तेच. आणि शेवटी वॉरंटी नाकारल्याचे पत्र. आपण लिहून दिलेल्या शब्दांबाबत आपलेच लोक कानांवर हात ठेवतात, तेव्हा ग्राहकाने जायचे कुठे?

त्या तरुण तंत्रज्ञावर कारवाई करावी असे मला वाटत नाही. एसी बसवणाऱ्या मुलाच्या हातात मायक्रोफोन देऊन ‘तज्ज्ञ’ म्हणून पाठवण्याचा निर्णय त्याचा नव्हता.

माझ्या मागण्या अशा. सध्याचा रिसीव्हर परत घेऊन ४ ओहमसाठी निर्मात्याने मान्यता दिलेला रिसीव्हर द्यावा. किमतीतला रास्त फरक मी भरीन. तसे मॉडेल आपल्याकडे नसेल तर रिसीव्हरची पूर्ण रक्कम परत करावी. मांडणी व कॅलिब्रेशनसाठी घेतलेले पैसे दोन्ही परिस्थितींत परत मिळावेत. वॉरंटी नाकारल्याचे पत्र लेखी मागे घ्यावे. आणि पानावरच्या ‘११५५ वॉट’शेजारी तो कोणत्या अटींवर मोजला आहे ते त्याच आकाराच्या अक्षरात छापावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रारीचे निवारण करायचे असते. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही. ती वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे. हा पत्रव्यवहार करण्यापेक्षा मला सिनेमा बघायला आवडेल.

बिल, आपल्या सल्ला विभागाचा ईमेल, वॉरंटी नाकारल्याचे पत्र, मॅन्युअलमधील संबंधित पाने आणि मी बदल करण्यापूर्वीच्या मेनूचे फोटो सोबत जोडले आहेत. उत्तर कृपया ईमेलनेच द्यावे, फोनवर नको. आणि माझ्या लेखी संमतीशिवाय या वेळी तक्रार बंद करू नये.

आपला ग्राहक,
(नाव व पत्ता बिलाप्रमाणे)
सांगली