अर्धी राहिलेली गोधडी

डर्बी, इंग्लंड, रविवार रात्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे सारे फोनवर सांगितले असते, तर आईने "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून विषय मिटवला असता, म्हणून मुद्दाम पत्र लिहीत आहे. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मी दादाशी बोलून पक्की केली आहे. याच महिन्याची 24 तारीख मिळाली असून पैसेही भरले आहेत. तुम्हाला न विचारता ठरवले, याची मला टोचणी आहे. पण मागच्या व्हिडिओ कॉलवर आईने दोरा ओवायला सुई बाबांकडे दिली आणि बाबांनी ती मुकाट्याने शेजारच्या पोराकडे सरकवली, ते पाहिल्यावर मला राहवले नाही.

काल मी हार्डविक हॉल पाहून आले. मागच्या वर्षी तुम्ही येणार होतात, तेव्हा आईला दाखवायचे म्हणून ठरवून ठेवलेली ती हवेली हीच. तुमच्याशिवाय जायला पाय उचलत नव्हता, पण घरात बसून नुसती काळजी करण्यापेक्षा बरे, म्हणून गेले. बेस नावाच्या, चार लग्ने झालेल्या आणि हिशेबाला अतिशय चोख अशा बाईने 1590 ते 1597 या काळात हे घर बांधले. खिडक्या इतक्या, की "हार्डविक हॉल, भिंतीपेक्षा काचच जास्त" अशी म्हणच पडली आहे. आत मात्र पडदे ओढून अंधुक केलेले असते, कारण उजेडाने जुन्या कापडाचा रंग उडतो. आई, तू आत पाऊल टाकताच "अहो, दिवा लावा" म्हणाली असतीस.

तिथले पेनेलोपीचे भरतकाम मी कितीतरी वेळ पाहत उभी होते. नवरा परत येईपर्यंत दिवसा विणायचे आणि रात्री उसवायचे, असा वर्षानुवर्षे वेळ काढणारी ग्रीक कथेतली ही राणी. भिंतीवर टांगायच्या पडद्यावरचे तिचे हे चित्र 1570 च्या दशकात केलेले आहे आणि त्यासाठी चर्चमधल्या धर्मगुरूंचे जरीचे, मखमलीचे जुने झगे कापून वापरले आहेत. इंग्लंडने कॅथलिक पंथ सोडला, झगे निरुपयोगी झाले, आणि बेसने त्यांची ठिगळे करून राण्या उभ्या केल्या. जवळून पाहिले की जरीच्या कापडावरची मूळ वेलबुट्टी मध्येच तुटते, तिथे दुसऱ्या रंगाची मखमल लागते, आणि जोडावरून बारीक दोरा फिरलेला दिसतो. अक्काच्या नऊवारीचा काठ तू माझ्या गोधडीत असाच मध्येच तोडून लावला होतास. त्या काठावरून बोट फिरवल्याशिवाय मला झोप येत नसे, आणि आजारी असले की तो तुकडा मी गालाशी धरायचे, आठवते का? पुढे बेसचे नवऱ्याशी या पडद्यांच्या मालकीवरून भांडण झाले, तेव्हा तिच्या बाजूने सांगण्यात आले की त्यातले बहुतेक काम घरातले नोकर, बायका आणि काही पोरे यांनीच केलेले आहे आणि पगारी भरतकाम करणारा एका वेळी एकच होता. आपल्या ओसरीवर तू मावशीला, वहिनीला आणि मलासुद्धा धावदोरा घालायला बसवायचीस, ते तेव्हा मला आठवले.

बाबा, तुमच्यासाठीही एक गोष्ट आहे. लांबलचक गॅलरीत बायबलमधल्या गिदियनच्या कथेचे 13 प्रचंड विणलेले पडदे आहेत. ते सर क्रिस्टोफर हॅटन यांच्यासाठी विणलेले होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते विकत घेताना बेसने त्यांचे कुलचिन्ह झाकून आपले लावण्याचा खर्च म्हणून 5 पौंड कमी करून घेतले. कापडपेठेत एका शालीसाठी तासभर घासाघीस करणारे तुम्ही मला तिथे शेजारी हवे होतात. जिने मात्र दगडी आणि पुष्कळ आहेत, तेव्हा तुमचे गुडघे पाहता मागच्या वर्षी बेत रद्द झाला ते एका अर्थी बरेच झाले.

या 13 पडद्यांच्या दुरुस्तीला 24 वर्षे लागली आणि ते काम 2023 मध्ये संपले. एकेक पडदा उतरवून, बेल्जियमला नेऊन धुऊन, मागून आधार देऊन हाताने शिवला. या घरात राहिलेली शेवटची मालकीण, डचेस एव्हलिन, हीसुद्धा उतारवयात स्वतः सुई घेऊन इथल्या जुन्या कापडांना टाके घालीत असे. तिथे एका पडद्यासाठी दोन-दोन वर्षे थांबतात, आई, आणि मी तुझ्याकडे काही आठवडेच मागत आहे.

मिरजेला जे झाले त्यानंतर तुला भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. ही शस्त्रक्रिया तशी नाही. संध्याकाळी तू आपल्याच पलंगावर असशील. मावशी आदल्या दिवशी येऊन राहील, स्वयंपाकाला सकाळ-संध्याकाळ बाई येतील, तुझा आल्याचा चहा दादा स्वतः करणार आहे. मी त्या दिवशी नसेन, हे लिहिताना जीव तुटतो. पण आता चार दिवस धावत येण्यापेक्षा दिवाळीला सलग तीन आठवडे यावे, असे मी ठरवले आहे. तुला माझी गरज नाही असे मला वाटते, असा अर्थ मात्र काढू नकोस.

आता ऐका. थेंब बाबांनीच घालायचे, प्रत्येक वेळी हात धुऊन, आणि वेळा वहीत लिहायच्या. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही. वाकून केर काढायचा नाही, डोळा चोळायचा नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत सुईला हात लावायचा नाही. निळ्या ट्रंकेतला सुयांचा डबा दादाने परवाच उचलून नेला आहे. तू तो शोधत असशील. त्याला रागावू नकोस, मीच सांगितले होते. अर्धी राहिलेली गोधडी तिथेच घडी घालून ठेवली आहे. तिच्या दोन कडा माझ्यासाठी राहू दे.

तुमची,
चिमी