मावशी, “आता काय दाखवतायत” ते सांगितल्याबद्दल

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

पत्र असं उघड्यावर लिहितेय, कारण पाकिटात घालून पाठवलं तर “हे काय खूळ” म्हणून तुम्ही ते डब्यांच्या हिशेबाच्या वहीत सारून द्याल. चारचौघांत लिहिलं की निदान तुमची सून वाचून तरी दाखवेल.

आईची नजर काचबिंदूनं गेली. मोतीबिंदू असता तर भिंग बसवून मोकळे झालो असतो. काचबिंदूत डोळ्यामागची नसच खराब होते आणि एकदा गेलेलं परत येत नाही. त्यात नजर जाते कडेकडून, त्यामुळे बरेच दिवस पत्ताच लागत नाही. आई दाराच्या चौकटीला धडकायची आणि आम्ही म्हणायचो, घाई फार करतेस. शेवटी उजेड-अंधार तेवढा कळायचा राहिला. मी सकाळी सातची लोकल पकडणार, रात्री साडेआठला डोंबिवलीत परत. मधल्या वेळात घरात टीव्ही एकटाच बोलत असायचा. आई म्हणायची, भिंतीपलीकडे कुणाचं तरी भांडण चाललंय असं वाटतं.

त्या दिवशी तुम्ही पोळी-भाजीचे डबे रवाना करून विरजण मागायला वर आलात. हाताला पीठ तसंच. कुठल्याशा मालिकेचा कालचा भाग परत लागला होता. ढँण करून वाजलं आणि आईनं विचारलं, “काय झालं गं?”

“काही नाही. सगळ्यांची तोंडं दाखवली एकेक करून. सासूचं दोनदा.”

हे मला आईनं रात्री सांगितलं, हसता हसता. विरजण न्यायचं तुम्ही विसरलात, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते न्यायला आलात आणि मग रोजच येत गेलात, दोन ते चार.

मावशी, एक कबुली द्यायची आहे. सुरुवातीला मला तुमचा राग यायचा. मी फिल्म सोसायटीत जाऊन सिनेमे बघितलेली बाई, आणि तुम्ही आईला दृश्य सांगायचं सोडून मतं देत होतात. “ही उठल्यापासून गजरा घालून बसलीय, हिच्याकडे भांडी घासायला कोण येतं ते एकदा दाखवा म्हणावं.” “हा हीरो रडतो की शिंक आवरतो?” एका रविवारी मी तुम्हाला म्हटलंसुद्धा, की मावशी, फक्त दिसतंय ते सांगा, मत नको. तुम्ही तेवढ्यापुरतं ऐकलंत. दहा मिनिटं “ती उठली, तो बसला” चाललं. आई कंटाळून म्हणाली, “तिला बोलू दे गं. ती किती चिडते त्यावरून मला कळतं, किती खोटं दाखवतायत ते.”

काय चाललंय ते सांगणारा वेगळा आवाज जोडलेले सिनेमे असतात, तेही मी मोबाइलवर लावून दिले होते. हिंदीत होते, सोय चांगली आहे, कुणाला उपयोगी पडत असतील तर जरूर लावा. पण तो आवाज म्हणतो, स्त्री खिडकीशी जाते. तुम्ही म्हणता, “गेली बघ खिडकीशी, आणि ओला हात पुसलान पडद्याला!” आईला ती बाई तिथल्या तिथे ओळखीची होते.

चेहऱ्यांचं तर तुम्ही जे केलंत ते मला कधीच सुचलं नसतं. जुन्या नटांची अडचण नव्हती. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आईनं नजर चांगली असताना बघितलेली, त्यामुळे दिलीप प्रभावळकरांचे आबा आवाज आला की डोळ्यांसमोर उभे. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ची, ती तर आईच तुम्हाला पुढचं आधी सांगायची. पण नवीन पोरं-पोरी तिच्यासाठी नुसते आवाज होते. तुम्ही त्यांना आपल्या सोसायटीतली तोंडं लावून दिलीत. नायिका म्हणजे पोस्टातली चष्मेवाली. तिचा नवरा गॅस एजन्सीवरचा मुलगा, “पण जरा पोट कमी”. खलनायिका कोण ते इथे लिहीत नाही, त्या अजून सोसायटीच्या कमिटीवर आहेत. आई जिन्यात भेटली की त्यांच्याशी जरा जपूनच बोलायची.

‘कोर्ट’ मी लावला तेव्हा माझ्या मनात थोडी खोडी होती. चैतन्य ताम्हाणे यांचा सिनेमा, कॅमेरा एका जागी ठेवलेला, लांबच लांब दृश्यं. म्हटलं, आता मावशी काय सांगतात बघू. अर्ध्या तासानं तुम्ही म्हणालात, “कॅमेरा तिथंच विसरून गेले वाटतं. पण बरंय, आपण कुठल्याही ऑफिसात असंच बसतो.” शेवटी सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकड्यावर डुलकी काढत असतात आणि मुलं ओरडून त्यांना दचकवतात. “एकाला दिलीन ठेवून. पोरगं रडतंय. ह्यांनी परत डोळे मिटले.”

आई म्हणाली, “आणि निकाल?”

“हाच.”

मी त्या सिनेमावर फिल्म सोसायटीच्या पत्रिकेत दोन पानं लिहिली होती. असो.

‘श्वास’ मात्र मी लावणारच नव्हते. २००४ साली आला तेव्हा आई-बाबा दोघांनी तो थिएटरात पाहिला होता. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ, म्हणून बाबा हट्टानं घेऊन गेले होते. आता नजर जाणाऱ्या पोराची गोष्ट आईसमोर कशाला? तुम्ही म्हणालात, “तिला काय ठाऊक नाहीये का?” आणि लावलात. ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला दवाखान्यातून काढून शहर दाखवायला नेतात, तिथे तुम्ही काही सांगायची गरज पडली नाही, आईच तुम्हाला सांगत होती. मग म्हणाली, “त्याला एक दिवस तरी मिळाला. मला कळलंच नाही, नाहीतर मीपण जरा नीट बघून घेतलं असतं.” हे ती माझ्याजवळ कधी बोलली नव्हती.

आणि ‘सैराट’. पूर्वार्धात तुमची चंगळ होती. पोरगी ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, “आणि तो बघत बसतो, असाच नवरा पाहिजे”. शेवटाकडे आर्ची दारात रांगोळी काढतेय, माहेरची माणसं आली, ती चहा टाकतेय, इथवर तुम्ही सांगत होतात. पुढे त्या सिनेमाचा आवाजच जातो. मी आत कणीक भिजवत होते. आईचं ऐकू आलं, “लाइट गेली का?” पंखा तर फिरत होता. तुमचा शब्द नाही. बाहेर येऊन बघते तर तुम्ही आईचा हात धरून बसलेल्या.

मग हळूच म्हणालात, “पोर परत आलंय. रडतंय, पण ऐकू येत नाहीये. पाय रक्तानं भरलेत त्याचे. चाललंय बाहेर. गौरीची पावलं उमटवतो ना गं आपण, तशी उमटतायत.”

तुम्ही चहा न घेता खाली गेलात. पुढचे दोन दिवस कशावरही मत नाही. मी तो सिनेमा थिएटरात दोनदा पाहिला होता. गौरीची पावलं मला दिसली नव्हती.

आता आपली इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. तुम्ही नाशिकला लेकाकडे, आम्ही स्टेशनच्या पलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत. सामान हलवलं त्या आठवड्यात आईनं टीव्ही लावू दिला नाही. आठव्या दिवशी दोन वाजता तुमचा फोन आला, “लाव तो स्पीकर, आणि तेच चॅनेल लाव.”

तेव्हापासून ते चाललंय, त्याबद्दल हे आभार. तुमच्या सुनेचेही, ती दोन तास फोन सोडते म्हणून. एकच तक्रार आईनं लिहायला सांगितली आहे. तुमचा टीव्ही आमच्यापेक्षा चार-पाच सेकंद पुढे आहे. तुम्ही “मेला वाटतं” म्हणता तेव्हा आमच्याकडचा अजून जिना चढत असतो. जरा दम धरा म्हणाली, त्याला आधी आमच्याकडे पोचू तरी दे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची