कापडकामालाही शिल्पाचा मान मिळावा

महोदय,

मेक्सिकोतील मोरेलिया येथे १९८३ साली जन्मलेले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले समलैंगिक कलावंत राऊल दे निएव्हेस यांचे काम आपल्या पुरवणीच्या वाचकांपर्यंत पोहोचावे, असे वाटते. कापडावर मण्यांचे थरावर थर चढवून ते माणसाएवढ्या आकृती घडवतात, तशीच वस्त्रे अंगावर चढवून स्वतः सादरीकरणही करतात. न्यूयॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयाच्या २०१७ च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांच्या या कामाला मानाचे स्थान मिळाले होते.

आपल्याकडे श्रावणात कानबाई देवी म्हणून पुजल्या जाणाऱ्या नारळाला डोळे, नथ आणि साडीचोळी चढली की घरातली थोरली माणसेही त्यापुढे हात जोडतात, त्यामुळे वस्त्राने रूप पालटते हे खान्देशाला कोणी नव्याने सांगायला नको. तरीही लुगडे नेसून वगात उभ्या राहणाऱ्या पुरुषाची टवाळी पारावर चालतेच (आणि टाळ्याही तेच लोक वाजवतात!). सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. पारावरची भाषा मात्र तीच राहिली.

जिल्हास्तरीय कलाप्रदर्शनांत गोधडी आणि बंजारा भरतकाम ‘महिला हस्तकला’ म्हणून बाजूच्या टेबलावर मांडले जाते. ते शिल्पविभागात, कारागिराच्या नावानिशी मांडावे आणि त्यात पुरुषांनाही प्रवेश द्यावा, अशी आयोजकांना विनंती आहे.

— एक वाचक, अमळनेर